माझ्या आजाराची नोकरी

आमच्या घरातली नोकरी आधी बाबांची होती, मग दादाची झाली. पण ती खरी कोणासाठी होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती माझ्या आजाराची नोकरी होती. असं कोणी कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते लहानपणीच कळलं आणि कळल्यावर विसरता आलं नाही.

बाबा मूळचे कोंढ्याचे. भंडाऱ्याजवळ दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हा गावोगावची तरणी माणसं भरतीला गेली, त्यांत तेही गेले आणि लागले. जवाहरनगरात आम्हाला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे अंगण, नळाला ठरल्या वेळी पाणी. आत काय काम करता असं आम्ही विचारलं की बाबा म्हणत, "काम करतो." त्यापुढे एक शब्द नाही. आगपेटी आत नेता येत नसे, म्हणून पाळी सुटली की बिडीवाले गडी गेटाबाहेर येऊन आधी बिडी पेटवत आणि मग घराची वाट धरत. बाबांना बिडीचं व्यसन नव्हतं. ते बाहेर आले की आभाळाकडे पाहत. कोंढ्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, आज पाणी साचलं असेल का, धानाचं कसं असेल, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असे.

मी सहावीत होते त्या वर्षी बाबा नोकरी सोडणार होते. गावची शेती धाकटे काका पाहत. दोघा भावांनी मिळून धान भरडायची गिरणी टाकायचं ठरवलं होतं. जागा पाहून झाली होती, भंडाऱ्याहून एक मिस्त्री येऊन मोजमाप करून गेला होता. आईला ते पटत नव्हतं.

"लागलेली सरकारी नोकरी कोणी सोडते का?" ती म्हणायची.

"गिरणी आपली, शेत आपलं," बाबा म्हणत. "भोंगा वाजला का उठा, भोंगा वाजला का जेवा, हे तं नाई ना."

एरवी बाबा मुकाट जेवत. त्या दिवसांत मात्र ते जेवताना बोलत. गिरणीचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं की बोडीकडे, यावर त्यांची आणि दादाची रोज चर्चा चाले. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. बोडी म्हणजे आमच्या शेताच्या वरच्या अंगाचं छोटं तळं, तिच्यावर दोघांचाही जीव होता.

त्याच हिवाळ्यात माझा गुडघा सुजला. ताप आला. गुडघ्याची सूज उतरली तर घोटा सुजला, घोटा उतरला तर मनगट. आईनं निरगुडीचा पाला गरम करून बांधला, आणि काही दिवसांनी सगळं आपोआप बरं झालं. आम्ही ते विसरलोही. होळीनंतर शाळेत प्रार्थनेला उभं राहिलं तरी माझी छाती धडधडायला लागली. मैत्रिणी पुढे पळून जात आणि मी अर्ध्या वाटेत दगडावर बसून राही. झोपताना एक उशी पुरेना, मग दोन लागल्या, मग आई पाठीशी गोधडीची वळकटी लावून द्यायला लागली.

बाबा मला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर बंगाली होते, उतारवयाचे, हळू बोलणारे. त्यांनी माझ्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ती उचललीच नाही. मग नागपूरला मेडिकलमध्ये पाठवलं. तिकडून तपासण्या होऊन आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"बुखार जोड़ों में आया था, लेकिन चोट दिल को लगी है," ते म्हणाले. "एक वाल्व सिकुड़ रहा है. हर तीन हफ़्ते में सुई लगेगी. कई साल."

बाबांनी विचारलं, "साहब, मैं नोकरी छोडके गाँव जानेवाला हूँ. ये सुई उधर मिलेगी क्या?"

"सुई बाज़ार में मिल जाएगी. पर अकेली सुई से क्या होगा? जाँच है, नागपुर है, आगे चलकर शायद ऑपरेशन है. नौकरी है तो ये सब है." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बच्ची छोटी है. सोच लो."

बाहेर आल्यावर बाबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि सायकल न चालवता हातानं ढकलत निघाले. वाटेत त्यांच्याच सेक्शनमधला एक जण भेटला. हसत म्हणाला, "काय गा, कवा सोडून राहिला नोकरी? पार्टी देशीन का नाई?"

"नाई सोडत," बाबा म्हणाले.

"काहून?"

"अशीच."

आईला हे संध्याकाळी कळलं, काकांना पुढच्या रविवारी. सगळ्यांत आधी ते त्या माणसाला कळलं, आणि मागं कॅरिअरवर बसलेल्या मला.

काकांनी गिरणी एकट्यानं टाकली. तिच्या पूजेला आम्ही सगळे कोंढ्याला गेलो होतो. पट्टा फिरायला लागला, जमीन थरथरली, आणि पहिले तांदूळ पडले तसे बाबांनी ते ओंजळीत धरले. गरम तांदूळ बराच वेळ धरून उभे होते.

काका म्हणाले, "मोठेभाऊ, अजूनबी या. अर्धी तुमचीच हाय."

"तू पाहा. मी सुट्टीत येत जाईन," बाबा म्हणाले. मग सुट्टीतही ते फारसे गेले नाहीत.

इंजेक्शनचं औषध पांढरं आणि घट्ट असे. ते शिरताना कमरेत गरम सळई जावी तसं वाटे आणि दोन दिवस मी लंगडत चाले. कधी कधी मी रडून नको म्हणे. एकदा बाबांचा धीर सुटला. "घे ना बाई," ते म्हणाले, "याच्याचसाठी तं..." आणि मध्येच थांबून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे मी कधी नको म्हटलं नाही.

दादा बारावी होऊन नागपूरला शेतकी कॉलेजात गेला. आमच्या घराण्यात इतकं शिकणारा तो पहिला. सुट्टीला आला की क्वार्टरवर एक दिवस राही आणि लगेच कोंढा गाठी. परत येताना त्याच्या खिशात धानाच्या लोंब्या असत. वेगवेगळ्या जातीच्या लोंब्या तो आईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवी. आई म्हणे, "चिमण्या येतीन ना बापा घरात." खरंच येत. दादाला साकोलीच्या भात संशोधन केंद्रात काम करायचं होतं. आपल्याकडच्या जुन्या सुवासिक धानाला एकरी उतारा कमी म्हणून लोक ते सोडून देत होते. त्याचा वास तसाच ठेवून उतारा वाढवता येईल, असं तो मला समजावून सांगे. मला त्यातलं फार कळत नसे. पण तो बोलत असताना मला दम लागत नसे, एवढं आठवतं.

त्याचं शेवटचं वर्ष सुरू व्हायला थोडे दिवस होते. बाबा पहिल्या पाळीला निघाले होते. अंगणात सायकल धरून उभे होते ते तसेच खाली बसले. सायकल त्यांच्या अंगावर पडली. आईला वाटलं, तोल गेला. शेजारच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. त्याच बंगाली डॉक्टरांनी त्यांना हात लावला, आणि दुपारी आम्हाला आत बोलावून सांगितलं की मेंदूतली नस फुटून बाबा गेले.

तेरवी झाली आणि घरात दुसरी बोलणी सुरू झाली. क्वार्टर सोडावं लागणार होतं. बाबा गेले तसा दवाखानाही गेला होता, कारण माझं नाव तिथं त्यांची मुलगी म्हणून होतं. घरातल्या एकाला नोकरी मिळू शकते असं कचेरीतल्या एका बाबूनं सांगितलं. चांगला माणूस होता, घरी येऊन सांगून गेला.

आई म्हणाली, "मी लागते. झाडझूड तं करता येते मले."

पण आईला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं आणि उजव्यानं धूसर. नोकरीच्या आधी डॉक्टरी तपासणी असते, त्यात ती टिकणार नव्हती. काका म्हणाले, "पोराचं एक वर्ष होऊ द्या. मंग पाहू."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दादाला बोलावून घेतलं होतं. माझ्या ओठांचा रंग बदलायला लागला होता. ऑपरेशन आता लांबवू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. हे दादानं आम्हाला सांगितलं नाही, मला ते पुढे डॉक्टरांकडूनच कळलं. दादा त्या दिवशी एवढंच म्हणाला, "वर्षभर कायले थांबाचं? नोकरी आता हाय. उद्या कोण देईन?"

"आन कॉलेज?" मी विचारलं.

"कॉलेज का पळून जाते?"

तो नागपूरला जाऊन होस्टेलमधली आपली पत्र्याची पेटी घेऊन आला. पुस्तकं वरच्या फळीवर ठेवली. नोकरी लागली त्या दिवशी तो बाबांचीच सायकल घेऊन गेला. आई दारात उभी राहून पाहत होती. तिला लांबचं दिसत नव्हतं. सायकल कोण चालवतंय हे तिला नक्कीच कळत नसणार.

माझं नाव पुन्हा दवाखान्यात चढलं, आता बहीण म्हणून. थंडी सुरू झाली तेव्हा मला नागपूरला नेलं. ऑपरेशनआधी एक तरुण डॉक्टर येऊन समजावून गेला की बरगड्यांमधून आत जाऊन ते हृदयात बोट घालतील आणि चिकटलेली झडप बोटानंच मोकळी करतील. मी घाबरले. दादा म्हणाला, "तांदूळ निवडल्यासारखं सोपं हाय त्याईले," आणि बाहेर गेला. शेजारच्या खाटेवरची बाई नंतर मला म्हणाली, "तुझा भाऊ जिन्यात बसून रडत होता गं."

शुद्धीवर आल्यावर डावी कूस पेटल्यासारखी दुखत होती. दोनतीन दिवसांनी नर्सनं मागच्या उशा काढल्या आणि मला सपाट झोपवलं. कित्येक वर्षांत मी सपाट झोपले नव्हते. मी वाट पाहिली. जीव कोंडला नाही.

दादानं विचारलं, "कसं वाटते?"

"हवा येऊन राहिली," मी म्हटलं.

त्यानं माझे पाय नीट झाकले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मी बरी होऊन घरी आल्यावर त्याचे कॉलेजातले एक सर आमच्याकडे आले. गोंदियाला निघाले होते, मुद्दाम वाट वाकडी करून आले. मी चहा नेऊन दिला. सर म्हणाले, "बहीण तर छान बरी झाली आहे. आता ये परत. एक वर्षाचाच प्रश्न आहे, मी तुझ्यासाठी बोलतो."

दादा खाली पाहत म्हणाला, "सर, झडप पुन्हा आवळू शकते म्हणतात डॉक्टर. इंजेक्शनं तर चालूच आहेत. हिचं नाव माझ्या नोकरीवर आहे."

"दुसरा काही मार्ग?"

"असता तर तुम्हाला यावं लागलं नसतं सर. मीच आलो असतो."

सरांनी चहा संपवला. जाताना फळीवरची पुस्तकं पाहून म्हणाले, "यांतलं एखादं लागत नसेल तर लायब्ररीत देऊन टाक. पोरांना मिळत नाहीत." दादानं तेव्हाच सगळी काढून, दोरीनं बांधून त्यांच्या रिक्षात ठेवली. तेव्हा त्याचा चेहरा कसा होता हे मला सांगता येणार नाही, कारण मी पाहिलंच नाही. मी कपबशा घेऊन आत गेले होते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. मला बी. ए. करायचं होतं, पुढेही शिकायचं होतं. पण मी भंडाऱ्याला डी. एड. केलं. त्यानं नोकरी लवकर लागते, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली की स्वतःच्या औषधपाण्याची सोय होते. मुलांना शिकवायची मला फार हौस होती असं नाही. दादाला मोकळं करायची होती.

त्याच काळात मला एक स्थळ आलं. भंडाऱ्याच्या एका मैत्रिणीचा मावसभाऊ, नागपूरला इतवारीत कापडाच्या दुकानात होता. माझ्या छातीवरच्या व्रणाचं त्याला आधीच सांगितलं होतं. तो भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मला सगळं माहीत आहे. मी सांभाळीन तुम्हाला." त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती. नागपूरला येऊन राहावं लागेल, असंही म्हणाला. म्हणजे इथल्या नोकरीचा नाद सोडायचा आणि दादाच्या नोकरीवरचं नावही लग्नानं जाणार. मी नकार कळवला. तो पुन्हा एकदा आला आणि विचारलं, "मी आवडलो नाही का?"

आवडला होता. पण तुमच्या दुकानाला दवाखाना नाही, हे माणसाला तोंडावर कसं सांगायचं? मी मान खाली घालून उभी राहिले, आणि त्याला हवा तो अर्थ काढून तो गेला. त्यानंतर मला तसं कोणी विचारलं नाही, आणि कोणी विचारावं असं मलाही वाटेनासं झालं.

डी. एड. झाल्यावरही भंडाऱ्यातच खोली करून काही वर्षं वाट पाहावी लागली. अखेर ऑर्डर आली, तीही कोंढ्याच्या शाळेची. मी जवाहरनगरात बसमधून उतरले आणि धावत, खरंच धावत, क्वार्टरवर गेले. दादा नुकताच पाळीवरून आला होता आणि अंगणात हातपाय धूत होता. आता त्याचं लग्न झालं होतं, दीड वर्षाचा मुलगा होता. ऑर्डर ऐकून त्यानं तसेच ओले हात वर केले. "अरे वा! मास्तरीणबाई!" वहिनीला हाक मारून म्हणाला, "साखर आण वं!"

मी म्हटलं, "दादा, आता माह्यं मी पाहीन. तू सोड नोकरी. कॉलेजात जाय."

"कोणत्या कॉलेजात?"

"तुह्या."

तो मोठ्यानं हसला. वहिनीही साखरेचा डबा घेऊन बाहेर आली आणि तीही हसायला लागली. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाही. तो खाटेवर बसला आणि मुलाला मांडीवर घेतलं.

"माह्यं वय पाहून राहिली का तू? माह्यासंगचे पोट्टे साहेब झाले. आता मी लहान पोट्ट्याईसोबत वर्गात बसू?"

"पण मी याच्याचसाठी तं नोकरी..."

"आन हा?" त्यानं मांडीवरच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मुलाची छाती घरघरत होती. पावसाळा लागला की त्याला दमा उठे, आणि महिन्यातून एकदोनदा तरी दवाखान्यात न्यावं लागे. "याचं नाव चढलं ना आता."

वहिनीनं माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली. दादा म्हणाला, "तुले नोकरी लागली. आता मी मेलो तरी तुह्यं औषध थांबत नाई. हे का कमी झालं?" त्याला मला बरं वाटावं असं बोलायचं होतं. दोघं रात्रीचं जेवून जा म्हणाली तरी मी थांबले नाही, बस पकडून भंडाऱ्याला निघून आले.

कोंढ्याला मी शाळेजवळ खोली घेतली. काकांची गिरणी चालू होती, शेतीही होती. आई कधी माझ्याकडे राही, कधी दादाकडे. दादा वर्षातून एखाददुसऱ्या वेळी, आईला सोडायला किंवा न्यायला येई.

असाच एकदा तो भादव्यात आला. धान पोटरीवर होतं, लोंब्या फुटायला आल्या होत्या. काका त्याला मुद्दाम बांधीवर घेऊन गेले, मीही गेले. पानांवर बारीक तपकिरी ठिपके पडले होते, काही ठिकाणी धुऱ्यांजवळ, बांधाच्या कडेला, तर रोपांचे अख्खे चुडे करपल्यासारखे दिसत होते. काका म्हणाले, "पाह्य बरं, काय झालं हे?"

दादा खाली बसला. एक पान तोडून उजेडाकडे धरलं. उलटं करून पाहिलं, मग दुसरं तोडलं, बुंधा चाचपला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. तो उठला आणि हात झटकून म्हणाला, "पंचायत समितीतल्या साहेबाले दाखवा काका. मी फॅक्टरीवाला माणूस, मले काय समजते त्यातलं."

"तू तं हेच शिकत होता ना गा?"

"ते जुनं झालं."

काका पुढच्या बांधीकडे वळले. बसस्टॉपपर्यंत मी त्याच्यासोबत चालले. विचारावं की नाही असं करत शेवटी विचारलं, "तुले खरंच नाई समजलं?"

"समजलं."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"आज सांगितलं असतं तं काकानं उद्या दुसरं विचारलं असतं. मंग मले दर आठवड्याले इकडं यावंसं वाटलं असतं. मंग नोकरीवर कसं जावंसं वाटन?"

बस येताना दिसली तसं त्यानं मला औषधाचं नाव सांगितलं, पाण्यात किती घालायचं, कोणत्या वेळी फवारायचं तेही सांगितलं. माझ्याकडून एकदा म्हणून घेतलं. "काकाले सांग, पुस्तकात वाचलं म्हणून. माह्यं नाव नको घेऊ." मग तो बसमध्ये चढला. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली पाळी होती.

मी तसंच सांगितलं. काकांनी फवारणी केली आणि बहुतेक धान वाचलं. ते गावभर सांगत फिरले की आमची मास्तरीण शेतीतलंही शिकली आहे. पुढच्या वर्षी रोवणी झाल्यावर ते एक पिवळं पडलेलं धानाचं रोप मुळासकट उपटून शाळेत माझ्याकडे घेऊन आले. वर्ग भरलेला होता. मी ते हातात घेतलं, दादा धरायचा तसं उजेडाकडे धरलं, आणि मला त्यातलं काहीच कळलं नाही.